धंद्याचं खातं उघडताय? आधी चाव्यांची यादी करा

लोगो गोल बसेल की चौकोनी, पहिली पोस्ट कोणती, हॅशटॅग किती, यावर नवा व्यावसायिक चार दिवस डोकं लावतो. खातं कोणाच्या ईमेलवर उघडलंय हा प्रश्न त्याला चार वर्षांनी पडतो, आणि तोही तो ईमेलवाला माणूस नोकरी सोडून गेल्यावर.

मी बरीच वर्षं लहान-मोठ्या व्यवसायांची सोशल मीडियावरची खाती सांभाळते आहे. नवीन लोक पहिल्याच भेटीत विचारतात, "ट्रोल आले तर काय करायचं?" ट्रोल येतात, दोन दिवस गोंधळ घालतात, जातात. मी पाहिलेलं मोठं नुकसान जवळजवळ प्रत्येक वेळी घरातूनच झालेलं आहे. कोणाकडे आहे हे माहीत नसलेला पासवर्ड, चुकीच्या खात्यावरून गेलेली पोस्ट, रागात दिलेलं उत्तर. म्हणून खालच्या पायऱ्याही घरापासून सुरू होतात. पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत. त्याच सोडू नका.

पायरी १: कोरा कागद घ्या

संगणकावर नको, कागदच घ्या. व्यवसायाच्या नावाने जिथे जिथे खातं आहे ते सगळं लिहा: फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, यूट्यूब, लिंक्डइन, एक्स (पूर्वीचं ट्विटर), व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल. हौसेने उघडून सोडून दिलेलीही. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा: कोणत्या ईमेलवर उघडलं, कोणता मोबाइल नंबर जोडलाय, अ‍ॅडमिन कोण कोण आहेत आणि जाहिरातींसाठी कोणाचं कार्ड लावलंय.

अर्ध्या तासाचं काम वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच "हे आपण कोणाकडून उघडून घेतलं होतं हो?" असं सुरू होतं आणि उरलेला दिवस फोनाफोनीत जातो.

माझ्याकडे आलेल्या एका व्यवसायाचं पेज सहा वर्षं जुनं होतं. ते उघडलं होतं तीन महिन्यांसाठी आलेल्या एका शिकाऊ मुलाने, स्वतःच्या प्रोफाइलवरून. जाताना त्याने मार्केटिंगच्या मॅडमना पोस्ट टाकण्यापुरता हक्क देऊन ठेवला. पोस्ट जात होत्या, लाइक येत होते, कोणाला काही खटकलं नाही. मग एके दिवशी त्या मुलाचं प्रोफाइल हॅक झालं आणि पेजवर रातोरात स्वस्त गॉगलच्या जाहिराती झळकायला लागल्या. मॅडमना त्या पोस्ट दिसत होत्या, पण चोराला बाहेर काढण्याचा हक्क त्यांच्याकडे नव्हता. नोंदीप्रमाणे पेजचा ताबा त्या मुलाकडेच होता. शोधून काढलं तर भला माणूस निघाला, आणि तरीही सुटका व्हायला तीन आठवडे गेले.

भला नसता तर? जानेवारी २०१३मध्ये ब्रिटनमधल्या एचएमव्ही या संगीत विकणाऱ्या साखळीत कर्मचारी कपात चालू होती. काढून टाकलेल्यांच्या हातात कंपनीचं ट्विटर खातं होतं. आम्ही एचआरमधून थेट ट्विट करतोय, इथे सगळ्यांना काढून टाकलं जातंय, असं त्यांनी हजारो लोकांसमोर लिहायला सुरुवात केली. त्या मालिकेतलं एक ट्विट असं होतं, की मार्केटिंग डायरेक्टर विचारतायत, ट्विटर बंद कसं करायचं? त्या माणसाला हसण्याआधी स्वतःला विचारा, तुमच्या धंद्यात या प्रश्नाचं उत्तर आत्ता कोणाला येतं?

कागद भरला की दुरुस्ती करा. खाती कंपनीच्या ईमेलवर आणा. तो ईमेल कोणा एकाच्या नावाचा नको, कामाच्या नावाचा असावा, म्हणजे माणूस बदलला तरी पत्ता बदलत नाही. नंबरही कंपनीच्या नावावरच्या सिमचा. फेसबुक-इन्स्टाग्रामला मेटा या त्यांच्या मालक कंपनीच्या बिझनेस व्यवस्थेत आणि यूट्यूबला चॅनेलच्या परवानग्यांमध्ये माणसं जोडता येतात. प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच हक्क द्या, पासवर्ड वाटत बसू नका. पूर्ण ताबा असलेली माणसं दोन हवीत. एकच असेल तर तो आजारी पडला की सगळं अडतं, आणि पाच-सहा असतील तर कोणी काय केलं ते कळत नाही. जिथे एकाच पासवर्डवर काम चालतं तिथे तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवलेला पासवर्ड हा फळ्यावर लिहिलेला पासवर्डच आहे.

बाहेरच्या एजन्सीला काम देत असाल तर करारात एक ओळ हवीच: खाती, फॉलोअर, जाहिरात खातं आणि आतला सगळा मजकूर व्यवसायाच्या मालकीचा. अमेरिकेत फोनडॉग नावाच्या संकेतस्थळाने नोकरी सोडून गेलेल्या लेखकावर २०११मध्ये खटला भरला होता, सतरा हजार फॉलोअर असलेलं ट्विटर खातं नक्की कोणाचं यावरून. तडजोड झाली, पण त्याआधी वर्षभराहून जास्त काळ वकील पोसावे लागले.

पायरी २: कुलूप लावा, आणि ते लावलेलंच राहू द्या

टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं कुलूप) चालू करा, हे वाक्य तुम्ही शंभरदा वाचलंय. चालू केलेलं नंतर कोणी बंद केलं का, हे बघायचं मात्र कोणी सांगत नाही.

९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या एक्स खात्यावर बिटकॉइन ईटीएफला (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या बिटकॉइनच्या फंडांना) मंजुरी दिल्याची पोस्ट आली. खोटी. बिटकॉइनचा भाव उसळला, खुलासा येताच आपटला. चोराने केलं एवढंच होतं, की मोबाइल कंपनीला फसवून खात्याला जोडलेला नंबर स्वतःच्या सिमवर घेतला आणि पासवर्ड बदलून टाकला. याला सिम स्वॅप म्हणतात. टू-स्टेपने त्याला अडवलं का नाही? कारण ते बंद होतं. जुलै २०२३मध्ये लॉगिनला अडचण येते म्हणून कर्मचाऱ्यांनीच ते बंद करून घेतलं होतं, आणि पुन्हा चालू करायचं राहून गेलं. कंपन्यांना सायबर सुरक्षेचे धडे देणाऱ्या संस्थेची ही गत. (खरी मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली, पण तोवर हसू झालं होतं.)

तेव्हा कोड एसएमएसवर घेण्यापेक्षा फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या, जमलं तर पासकी (बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडणारी) किंवा सिक्युरिटी की (पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली) वापरा. चालू करताना जे बॅकअप कोड मिळतात ते छापून कुलपात ठेवा. फोन हरवला की त्यांचीच आठवण येते. आणि ज्या ईमेलवर खातं आहे त्या ईमेललाही हेच कुलूप लावा. पुढचं दार तिजोरीसारखं आणि मागचं नुसतं लोटलेलं, असं मी फार ठिकाणी पाहिलंय.

आता आमिषांकडे वळू. नवीन खात्याला पहिल्या महिन्याभरातच असा एक मेसेज येतो:

"तुमच्या पेजने कॉपीराइट नियमांचा भंग केला आहे. २४ तासांत अपील न केल्यास पेज कायमचं बंद होईल. अपील करण्यासाठी खालील लिंकवर जा."

पाठवणाऱ्याचं नाव 'पेज सपोर्ट टीम' किंवा तत्सम, फोटोत मेटाचा लोगो, भाषा जरा ताठ. लिंक उघडली की हुबेहूब लॉगिनचं पान येतं. तुम्ही पासवर्ड टाकता, कोड टाकता, आणि पलीकडे बसलेला माणूस त्याच सेकंदाला तो खऱ्या पानावर टाकतो. टू-स्टेप असूनही खातं जातं, कारण कोड तुम्हीच हातात दिलेला असतो. सवय एकच लावा: मेसेजमधल्या लिंकवरून लॉगिन करायचंच नाही. खरंच काही कारवाई झाली असेल तर ती अ‍ॅप स्वतः उघडल्यावर खात्याच्या स्टेटसमध्ये दिसते. आणि "२४ तासांत" असं वाचलं की चहा करायला उठा. तेवढ्या वेळात मेंदू जागेवर येतो.

हे फक्त नवशिक्यांना होतं असं नाही. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या ट्विटरवरून व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट झाल्याची आणि ओबामा जखमी झाल्याची खोटी बातमी गेली. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक काही मिनिटांत सुमारे १४० अंकांनी कोसळला आणि खुलाशानंतर सावरला. त्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना फिशिंगचे, म्हणजे पासवर्ड काढून घेणारे फसवे ईमेल आले होते. बातम्या तपासणं हाच ज्यांचा धंदा, तिथेही ही वेळ आली.

यूट्यूबवाल्यांसाठी आणखी एक प्रकार आहे. "तुमच्यासोबत जाहिरात करायची आहे, करार जोडला आहे" असा ईमेल येतो, जोडलेली फाइल पीडीएफसारखी दिसते. ती उघडली की ब्राउझरमध्ये चालू असलेलं लॉगिनच उचललं जातं. पासवर्डही लागत नाही, कोडही लागत नाही. मार्च २०२३मध्ये लाखो सबस्क्रायबर असलेलं लायनस टेक टिप्स हे तंत्रज्ञानावरचंच चॅनेल असं गेलं आणि त्यावर क्रिप्टोच्या फसव्या जाहिराती थेट चालू झाल्या. उपाय साधा आहे: ज्या संगणकावर चॅनेल उघडं आहे त्यावर अनोळखी फाइल उघडायचीच नाही. नुसता ब्राउझर बदलून भागत नाही.

जाहिरातीच्या खात्याला खर्चाची वरची मर्यादा घाला. मेटात ती सोय आहे. बऱ्याच चोरांना तुमच्या फॉलोअरांचं काही पडलेलं नसतं, त्यांना तुमचं कार्ड हवं असतं.

पायरी ३: पोस्टवर दुसरी नजर

चुकीच्या खात्यावरून पोस्ट जाणं ही या कामातली सर्वात जुनी चूक आहे. फेब्रुवारी २०११मध्ये अमेरिकन रेड क्रॉसच्या ट्विटरवरून बिअर प्यायच्या बेताचं एक ट्विट गेलं. कर्मचारी समजत होती की ती स्वतःच्या खात्यावरून लिहितेय. संस्थेने ते काढलं आणि लिहिलं, की ट्विट काढून टाकलंय, रेड क्रॉस शुद्धीवर आहे आणि गाडीच्या किल्ल्या आम्ही जप्त केल्या आहेत. लोक हसले, विषय तिथेच मिटला. पुढच्याच महिन्यात क्रायस्लर या गाड्यांच्या कंपनीच्या खात्यावरून डेट्रॉइटच्या लोकांना गाडी चालवता येत नाही अशा अर्थाचं शिवीसकट ट्विट गेलं. डेट्रॉइट हे क्रायस्लरचं घर. इथेही खातंच चुकलं होतं, पण ट्विट टाकणाऱ्याची नोकरी गेली आणि एजन्सीचं कामही गेलं. चूक तीच असूनही निकाल वेगळा लागला, कारण एका ट्विटमध्ये कोणाचा अपमान नव्हता आणि दुसऱ्यात होता.

म्हणून कामाच्या खात्यासाठी वेगळा फोन ठेवा. ते परवडत नसेल तर निदान वेगळं अ‍ॅप किंवा वेगळा ब्राउझर. एकाच अ‍ॅपमध्ये स्वतःचं आणि धंद्याचं अशी दोन्ही खाती ठेवून रात्री अकरा वाजता पडल्यापडल्या स्क्रोल करणं म्हणजे आज ना उद्या ठेच लागणारच.

एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, मग पोस्ट करायचं. एकटेच असाल तर पोस्ट ड्राफ्टमध्ये टाकून वीस मिनिटांनी स्वतःच मोठ्याने वाचा. वाचताना तीन गोष्टी बघा. पहिली, चालू हॅशटॅग वापरत असाल तर तो कशाबद्दल आहे ते उघडून बघा. सप्टेंबर २०१४मध्ये डिजॉर्नो या फ्रोझन पिझ्झाच्या ब्रँडने 'मी का राहिले' अशा अर्थाच्या हॅशटॅगवर पिझ्झ्याचा विनोद टाकला. त्या हॅशटॅगखाली बायका, मारहाण करणाऱ्या जोडीदाराला सोडून का जाता आलं नाही, ते लिहीत होत्या. ब्रँडने मान्य केलं की वाचलंच नव्हतं, आणि मग एकेकाची माफी मागत बसावं लागलं.

दुसरी, फोटोची मागची बाजू. एप्रिल २०१५मध्ये टीव्ही५ मोंद या फ्रेंच वाहिनीवर मोठा सायबर हल्ला झाला. त्याबद्दल दुसऱ्या वाहिनीला मुलाखत देणाऱ्या पत्रकाराच्या मागे भिंतीवर कागद चिकटवलेले होते, आणि त्यांवर वाहिनीच्या सोशल मीडिया खात्यांचे पासवर्ड. यूट्यूबचा पासवर्ड होता, फ्रेंचमध्ये, 'यूट्यूबचापासवर्ड'. मी स्वतः ऑफिसातल्या वाढदिवसाच्या फोटोत केकच्या मागे उघड्या स्क्रीनवर ग्राहकांची यादी पाहिलेली आहे, नाव-नंबरासकट. फोटो टाकण्याआधी झूम करून चारही कोपरे बघायचे.

तिसरी, शेड्यूल केलेल्या पोस्ट. आठवडाभराच्या पोस्ट लावून ठेवणं सोयीचं आहे, पण मोठी दुर्घटना घडते त्या दिवशी तुमची "आज मजा करा!" ठरल्या वेळेला निघतेच. सगळं शेड्यूल थांबवायचं बटण कुठे आहे ते दोघांना तरी ठाऊक असू द्या.

पायरी ४: दुसऱ्याचं उचलू नका

नेटवर दिसलं म्हणजे फुकट नसतं. २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा तिथल्या एका छायाचित्रकाराने ट्विटरवर टाकलेले फोटो एएफपी या वृत्तसंस्थेने परवानगीशिवाय वापरले आणि ते गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फतही वाटले गेले. २०१३मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीने दोघांना मिळून सुमारे १२ लाख डॉलर भरायला सांगितलं. 'सौजन्य: इंटरनेट' असं लिहिल्याने यातून सुटका होत नाही. उलट फोटो तुमचा नाही याची लेखी कबुलीच दिल्यासारखं होतं.

गाण्यांचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. रीलवर लोक जी लोकप्रिय गाणी लावतात ती वैयक्तिक वापरासाठी असतात. धंद्याच्या जाहिरातीला ती परवानगी लागू होत नाही. त्यासाठी टिकटॉकची व्यावसायिक संगीताची वेगळी लायब्ररी आहे, मेटाचंही वेगळं कलेक्शन आहे. बँग या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने टिकटॉकवरच्या व्हिडिओंत गाजलेली गाणी वापरली, तेव्हा आधी युनिव्हर्सल आणि मग सोनी या संगीत कंपन्यांनी कोर्टात खेचलं. २०२२मध्ये दोन्ही प्रकरणांत कंपनीने कॉपीराइटचा भंग केल्याचं कोर्टाने म्हटलं. गाणं अ‍ॅपमध्येच होतं हा बचाव चालला नाही.

ग्राहकाने टाकलेला फोटोसुद्धा आधी विचारून घ्या, आणि त्याच्या "हो"चा स्क्रीनशॉट ठेवा. पैसे किंवा वस्तू देऊन कोणाकडून कौतुक करून घेत असाल तर ती जाहिरात आहे हे पोस्टवर स्पष्ट दिसायला हवं. बहुतेक देशांत तसा नियम आहे. विकत घेतलेले रिव्ह्यू मात्र नकोच. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४पासून त्यावर थेट दंडाचा नियम लागू झाला आहे, आणि नियम नसला तरी एकाच दिवशी आलेले पाच-पाच ताऱ्यांचे वीस रिव्ह्यू ओळखायला ग्राहकाला फार वेळ लागत नाही.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर विक्रीचा किंवा नफ्याचा कुठलाही आकडा मालकाच्या खात्यावरूनही टाकण्याआधी वकिलाला दाखवा. ऑगस्ट २०१८मध्ये टेस्ला खासगी करण्यासाठी पैशाची सोय झाली आहे अशा अर्थाचं एक ट्विट इलॉन मस्क यांनी केलं, आणि त्यावरून एसईसीने भरलेला खटला मिटवताना त्यांना व टेस्लाला प्रत्येकी दोन कोटी डॉलर मोजावे लागले. शिवाय अध्यक्षपदही सोडावं लागलं.

पायरी ५: कर्मचाऱ्यांसाठी एक पान

एकच पान, दहा पानांचं धोरण कोणी वाचत नाही. त्यात लिहा: कंपनीच्या वतीने कोण बोलणार, ग्राहकांची माहिती आणि कामाच्या जागेचे कोणते फोटो बाहेर टाकायचे नाहीत, वैयक्तिक खात्यावरून मत मांडताना ते स्वतःचं आहे हे कसं कळवायचं, आणि पत्रकाराचा मेसेज आला तर तो कोणाकडे पाठवायचा.

"कंपनीबद्दल वाईट काही लिहायचं नाही" असं मात्र लिहू नका. पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल सहकाऱ्यांशी बोलायचा हक्क अनेक देशांत कायद्याने दिलेला आहे, अमेरिकेत तो सोशल मीडियावरही लागू होतो. तसं कलम घातलंत तर तुम्हीच अडचणीत याल.

पायरी ६: तोतये

नोव्हेंबर २०२२मध्ये ट्विटरवर महिन्याला आठ डॉलर भरून खातं अस्सल असल्याची निळी खूण मिळू लागली, आणि एक-दोन दिवसांतच इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने कोणीतरी खूणवालं खातं काढून "इन्सुलिन आता मोफत" असं जाहीर केलं. खऱ्या कंपनीला खुलासा करून माफी मागावी लागली, म्हणजे इन्सुलिन मोफत नाही हे स्वतःच्या तोंडाने जगाला सांगावं लागलं. दुसऱ्या दिवशी शेअरही घसरला. त्यातलं किती या ट्विटमुळे यावर वाद आहे, पण व्हायची ती शोभा झालीच.

लहान धंद्याला वेगळा तोतया भेटतो. तुमचा ग्राहक तुमच्या पेजवर "ऑर्डर आली नाही" अशी कमेंट करतो. दहा मिनिटांत तुमचाच लोगो लावलेलं, नावात एक अक्षर जास्त असलेलं खातं त्याला मेसेज करतं, "तसदीबद्दल क्षमस्व, रिफंडसाठी या लिंकवर माहिती भरा." पैसे त्याचे जातात आणि शिव्या तुम्हाला बसतात. म्हणून तक्रारीला पहिलं उत्तर तुमचंच गेलं पाहिजे. पेजवर वरती पिन करून ठेवा: आमचं खातं हे एवढंच, आम्ही मेसेजवर कार्डाची माहिती किंवा ओटीपी कधीच मागत नाही. नवीन प्लॅटफॉर्म आला की वापरायचा नसला तरी तुमच्या नावाचं खातं अडवून ठेवा. आणि दर पंधरा दिवसांनी स्वतःचंच नाव सर्चमध्ये टाकून बघा, चुकीच्या स्पेलिंगसह.

पायरी ७: तक्रार आली, आता?

कंपनीच्या वतीने भांडायची खुमखुमी ज्याला आहे त्याला कमेंटपासून दूर ठेवा. बऱ्याच लहान व्यवसायांत तो माणूस म्हणजे खुद्द मालक असतो, त्यामुळे हे सांगणं अवघड जातं.

समजा कमेंट अशी आहे: "तिसऱ्यांदा फोन केला. कोणी उचलत नाही. फसवे लोक आहेत, इथून काही घेऊ नका."

मालकाचं पहिलं उत्तर असं असतं: "आमच्याकडे तुमच्या नावाची कोणतीही नोंद नाही. खोटी बदनामी केल्यास कायदेशीर कारवाई करू." हे उत्तर त्या एका माणसासाठी लिहिलेलं असतं, पण वाचणारे शेकडो असतात, आणि त्यांना फक्त धमकी दिसते.

त्याऐवजी: "तीनदा फोन करूनही उत्तर मिळालं नाही, हे चुकलंच. ऑर्डर नंबर आम्हाला मेसेजमध्ये पाठवता का? आज संध्याकाळी सहापर्यंत मी स्वतः फोन करते." खाली नाव. आणि मग सहाच्या आत खरंच फोन. प्रश्न सुटला की त्याच कमेंटखाली एक ओळ टाका, म्हणजे नंतर वाचणाऱ्याला गोष्टीचा शेवटही दिसतो. फोन उचलला गेलाच नव्हता का, याची खात्री नसेल तर "चुकलंच" लिहू नका, "तपासून सहापर्यंत कळवते" एवढंच लिहा. न केलेल्या चुकीची माफी पुढे महागात पडते.

कमेंट कधी काढायची? शिवीगाळ, जातीधर्मावरून द्वेष, कोणाचा खासगी नंबर, स्पॅम. एवढंच. नुसती टीका काढू नका. लोक स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवतात. मार्च २०१०मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने किटकॅटमधल्या पाम तेलामुळे जंगलं तुटतात असा व्हिडिओ काढला. किटकॅटवाल्या नेस्ले कंपनीने कॉपीराइटचं कारण देऊन तो यूट्यूबवरून काढायला लावला. व्हिडिओ दुसरीकडे चढला आणि आधीपेक्षा जास्त पाहिला गेला. लोक बिघडवलेला लोगो प्रोफाइलला लावून नेस्लेच्या फेसबुक पेजवर येऊ लागले, तेव्हा पेज सांभाळणाऱ्याने असे लोगो लावलेल्यांच्या कमेंट काढू असं सुनावलं आणि वर टोमणेही मारले. मूळ विषय पाम तेलाचा, पण पेटलं ते या उत्तरांमुळे. दोन महिन्यांत कंपनीने खरेदीचं धोरण बदलत असल्याचं जाहीर केलं.

दाबायला जाल तर वर येईल, या प्रकाराला स्ट्रायसँड इफेक्ट असं नावच पडलंय. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी २००३मध्ये आपल्या घराचा हवाई फोटो काढून टाकण्यासाठी पाच कोटी डॉलरचा दावा लावला. त्याआधी तो फोटो सहाच वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन त्यांच्याच वकिलांनी केलेले. पुढच्या महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक ते संकेतस्थळ बघून गेले.

गप्प बसणं हाही उपाय नाही, निदान प्रकरण खरं असेल तेव्हा. एप्रिल २००९मध्ये डॉमिनोजच्या दोन कर्मचाऱ्यांनी किचनमध्ये पदार्थांशी किळसवाणे चाळे करतानाचा व्हिडिओ टाकला. आपणहून विझेल म्हणून कंपनीने आधी फारसं काही केलं नाही. दहा लाखांवर लोकांनी तो पाहिल्यावर प्रमुखांना यूट्यूबवरच येऊन बोलावं लागलं. नियम म्हणून सांगायचं तर: एकट्या माणसाचा राग असेल तर तिथेच उत्तर, चुकीची माहिती पसरत असेल तर तुमच्या पेजवर एकच स्पष्ट पोस्ट, आणि सगळ्यांना तिचीच लिंक, कोणाच्या आरोग्याला धोका असेल तर पोस्टआधी वस्तू थांबवायची.

पायरी ८: जागा भाड्याची आहे

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडने कंपनीचं स्वतःचं नेटवर्कच जगापासून तुटलं. ज्यांच्या ऑर्डर फक्त तिथूनच येत, त्यांचं दुकान तेवढा वेळ बंद. सहा तास निघतात. पण छोट्या व्हिडिओंचं व्हाइन जानेवारी २०१७मध्ये कायमचं गेलं, गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये गेलं, आणि भारतात २९ जून २०२० रोजी ५९ अ‍ॅपवर बंदी आली तेव्हा टिकटॉकवर उभे राहिलेले धंदे एका रात्रीत बेघर झाले.

स्वतःचं साधं का होईना संकेतस्थळ ठेवा, आणि ग्राहकांच्या परवानगीने त्यांचे ईमेल किंवा नंबर स्वतःकडे जमवा. जुन्या पोस्ट-व्हिडिओंच्या मूळ फाइल संगणकावर असू द्या. शिवाय बहुतेक प्लॅटफॉर्मवर आपली माहिती डाउनलोड करायची सोय असते, तिमाहीला एकदा करून ठेवा.

पायरी ९: खातं गेलं, तर पहिला तास

घाबरून फॉलोअरना सांगत सुटण्याआधी ईमेल वाचवा, कारण ईमेल हातात असेल तर खातं परत मिळायची आशा असते. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून ईमेलचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये कोणी गुपचूप फॉरवर्डिंग (तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) लावलंय का बघा. हे हमखास राहून जातं. मग बँकेला फोन करून जाहिरातीचं कार्ड थांबवा. त्यानंतर खात्याकडे वळा: "तुमचा ईमेल बदलला आहे" असा प्लॅटफॉर्मचा खरा मेल आलेला असेल तर बदल उलटवायची लिंक बहुधा त्यातच असते, पाठवणाऱ्याचा पत्ता नीट तपासून ती वापरा. फेसबुकसाठी फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड आणि इन्स्टाग्रामसाठी इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे अधिकृत पत्ते आहेत. चालू असलेल्या खोट्या पोस्टचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढा, सायबर पोलिसांकडे तक्रार करताना लागतात. आणि मग तुमच्या दुसऱ्या खात्यावरून, संकेतस्थळावरून किंवा ईमेलने ग्राहकांना दोन ओळी: आमचं अमुक खातं सध्या आमच्या ताब्यात नाही, तिथल्या कुठल्याही लिंकवर जाऊ नका.

पैसे घेऊन खातं परत मिळवून देतो म्हणणारे लोक याच वेळी कमेंटमध्ये उगवतात. ती चोरांचीच दुसरी पाळी.

हे सगळं एका दिवसात करायचं नाही. या आठवड्यात पायरी एक आणि दोन, बाकी महिनाभरात. नंतर दर महिन्याच्या एक तारखेला दहा मिनिटं काढा: लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी उघडा, ओळखीचं नाही ते काढा, सोडून गेलेल्यांची नावं खोडा, टू-स्टेप अजून चालू आहे का बघा. पहिल्या पायरीचा कागद त्याच वेळी सुधारा आणि पुन्हा कपाटात ठेवा. तो ड्राइव्हवर ठेवू नका. खातं जातं त्या दिवशी बहुधा त्याच ईमेलचा ड्राइव्हही उघडत नसतो.